दोर सैल कशासाठी? आणि वाऱ्याचे आणखी काही प्रश्न

मागच्या अंकात कराडच्या धावपट्टीवर लिहिताना मी ओघात एक वाक्य लिहून गेलो होतो : 'उघड्यावर उभं केलेलं छोटं विमान तीन दोरांनी बांधतात, आणि दोर किंचित सैल ठेवतात.' लेख होता कोयना धरणाच्या कामासाठी वारुंजीच्या माळावर ही पट्टी कशी आली याचा. पत्रं मात्र आली ती दोराची. संपादकांनी गठ्ठा माझ्या पुढ्यात टाकला आणि म्हणाले, "तुम्हीच गाठ मारलीत, आता तुम्हीच सोडवा."

सोडवतो. पण एक आधीच सांगून ठेवतो : मी वैमानिक नाही. चाळीस वर्षं विमानांच्या पोटाखाली काढलेला माणूस आहे. सुरुवात 'पुष्पक'वर झाली. आपल्याच हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं, 1958 साली पहिल्यांदा उडालेलं, कापडी कातडीचं दोन आसनी विमान. जोराचा वारा सुटला की ते उभ्या जागी थरथरायचं. तेव्हापासून माझी भीती विमान वर गेल्यावर कमी आणि खाली असताना जास्त, अशी उलटी आहे.

'दोर सैल' ही छपाईची चूक आहे का? पंधरा वर्षं ऊसवाहतूक करतोय. दोर सैल राहिला तर पहिल्याच खड्ड्याला मोळ्या रस्त्यावर येतात. बांधायचं ते घट्ट, हे लहान पोरालासुद्धा कळतं.
*— ट्रॅक्टरमालक, पलूस*

चूक नाही, मालक. उसाचं तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. पण तुमच्या ट्रॉलीतला ऊस खाली पडायला बघतो, आणि माझं विमान वर जायला बघतं. बांधण्याचं गणित तिथंच बदलतं.

शिकाऊ पोरं ज्यावर हात बसवतात ते सेसना 152 घ्या. रिकामं असताना त्याचं वजन साधारण 500 किलो. एखादी दांडगी मुऱ्हा म्हैस धरा. या म्हशीला 10 मीटर लांबीचा पंख लावलाय, क्षेत्रफळ जवळपास 15 चौरस मीटर. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की पंखाची उचल चौपट होते, चौपट झाला की सोळापट. 10 नॉटच्या वाऱ्याला नुसतं हलणारं विमान 40 नॉटच्या झोतात सापडलं आणि त्यात नाक जरा वर झालं, तर पंखावरची उचल चारशे किलोच्या घरात जाते. (एक नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर, 40 नॉट म्हणजे ताशी 74. तुमच्या-माझ्या गोठ्याचे पत्रे उडवणारा वळीव याच्या अलीकडेपलीकडेच असतो.) 500 किलोंच्या म्हशीचं चारशे किलो वजन कुणीतरी वरून उचलून धरलं, की तिचे पाय जमिनीवर असून नसल्यासारखे. ब्रेक लावलेत, चाकांना लाकडी ठोकळे आहेत, काही उपयोग नाही. चाकावर भारच नाही तर ब्रेक धरणार कशाला?

म्हणून दोर. दोन पंखांना दोन, शेपटीला एक. आता सैल का? पंख वरून दाबला जाण्यासाठी बनवलेला नसतो. उडताना सगळा भार खालून वर येतो, आणि तो सोसेल असाच त्याचा सांगाडा असतो. तुम्ही ट्रॉलीसारखा दांडकं घालून दोर पिळलात तर पंख रात्रंदिवस खाली ओढला जातो, जणू विमान उलटं उडतंय. त्यात पूर्वी आमच्याकडे मनिला दोर असायचा, आपल्या घायपाताच्या दोराचा भाऊ. तो भिजला की आखडतो. संध्याकाळी घट्ट बांधलेला दोर रात्री पावसात भिजला तर पहाटेपर्यंत पंखाला फाशी. नायलॉन मनिलासारखा आखडत नाही, पण सवय तीच राहिली : साधारण एक इंच मोकळीक. त्याहून जास्त नाही. तीन-चार इंच सोडले तर विमान प्रत्येक झोताला उसळी घेऊन दोराला हिसका देतं, आणि दोर तुटतात ते ताणाने कमी, हिसक्याने जास्त. बैलाचा कासरा धरताना हेच करता की नाही? ओढून धरला तर बैल बुजतो, सोडून दिला तर हिसडा मारून पळतो.

गाठ सरकणारी नको. आणि दोर अडकवायचा तो पंखाखालच्या कडीतच. पंखाला आधार देणारी तिरकी दांडी असते, स्ट्रट म्हणतात तिला. हाताशी असते म्हणून नवखे तिलाच दोर बांधतात. दोर घसरत दांडीच्या मध्यावर येतो, आणि तिथे थोड्या ताणानेही ती वाकते. सेसनाच्या पुस्तकात दोर 700 पौंड ताण सोसणारा हवा असं म्हटलंय, म्हणजे तीनशे किलोंच्या थोडं वर. मी ते किमान समजतो. शिवाय दोर कितीही चांगला असला तरी मेख कुठल्या रानात ठोकलीय ते बघा. मुरमाड माळावर धरलेली मेख जुलैतल्या काळ्या मातीत मुळ्यासारखी उपटून येते, हे तुम्हाला पलूसमध्ये मी काय सांगणार.

काका, टॅक्सी करताना आमचे इन्स्ट्रक्टर सारखे ओरडतात, "कंट्रोल्स कुठे आहेत तुझे?" विमान जमिनीवर, वेग माणसाच्या चालण्याइतका, मग एलेरॉनचा उपयोग काय? आणि वारा कुठून आला तर योक कुठे फिरवायचं, हे पाठ करूनही ऐनवेळी विसरतो.
*— प्रशिक्षणार्थी, कराड*

(इतरांसाठी : टॅक्सी म्हणजे विमान जमिनीवर चाकांवर चालवणं, योक म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, आणि एलेरॉन म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलणारी फळी.) बाळा, तुझा वेग 5 नॉट असेल, पण वाऱ्याचा 20 आहे. पंखाला तू चालतोयस की वारा चालतोय हे कळत नाही, त्याला फक्त बेरीज कळते. एकदा वळवाच्या पावसात, बांधलेल्या विमानात मी अडकून बसलो होतो. इंजिन बंद, चाकांना ठोकळे, विमानाचं तोंड वाऱ्याकडे. समोर हवेतला वेग दाखवणारा काटा टुणटुण उड्या मारत 45 ला जाऊन येत होता. 152 जमीन सोडते ती साधारण 50 ला. काट्याच्या दृष्टीनं आम्ही जवळजवळ उडतच होतो.

आता योकचं. तुमच्या पुस्तकात बाण काढलेली आकृती असते, ती कुणालाच लक्षात राहत नाही. मी पोरांना मारक्या बैलाचं सांगतो : समोरून आला तर शिंगं धर, मागून आला तर पळ. वारा डावीकडून समोरून येतोय, तर योक डावीकडे, म्हणजे वाऱ्याकडे. त्या बाजूचं एलेरॉन वर होतं आणि पंखाची उचल मरते. वारा डावीकडून मागून येतोय, तर योक उजवीकडे, वाऱ्यापासून लांब, आणि पुढे ढकललेलं. डावं एलेरॉन खाली झुकतं. मागून येणारा वारा त्याच्या पाठीवर चढून बसतो आणि पंख दाबून ठेवतो. शेपटीवरची आडवी हलणारी फळी, म्हणजे एलिव्हेटर, तेही तसंच खाली झुकलेलं असलं की वारा शेपूट दाबतो. उलट तू सवयीनं योक पोटाशी ओढून बसलास, तर तोच वारा एलिव्हेटरच्या खालून घुसून शेपूट उचलतो. पुढे नाकाचं एक चाक, वर छपरासारखा पंख. तिपाई कशी कलंडते ते आठव : मागून तिरका येणारा वारा आपल्या या विमानांना सगळ्यात वाईट. अशा वेळी थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवणारा दांडा, एकदम रेटायचं नाही आणि ब्रेक कचकन दाबायचा नाही, दोन्ही सेसनानेच लिहून ठेवलंय.

आणखी एक, जे पुस्तकात एका ओळीत संपतं आणि पट्टीवर माणसाला घाम फोडतं. छोट्या पट्ट्यांना समांतर टॅक्सीवे, म्हणजे विमानं ने-आण करायचा बाजूचा रस्ता, नसतो. तुला पट्टीवरूनच वाऱ्याला पाठ देऊन टोकापर्यंत जायचं आणि तिथे गर्रकन उलटं वळायचं. त्या एका वळणात वारा मागून बाजूला, बाजूनं समोर असा अर्धी प्रदक्षिणा घालतो. म्हणजे तुझ्या हातानेही वळण संपेपर्यंत 'पळ'वरून 'शिंगं धर'वर यायला हवं. आणि वळताना विमान बाहेरच्या बाजूला झुकतं, त्यात वारा आतल्या पंखाखाली गेला तर दोघं मिळून उलथवतात. त्यामुळे तिथे वेग किती? टोचन लावलेली गाडी जितकी हळू वळवशील तितका.

तू विचारलं नाहीस तरी सांगतो, कारण तुझ्या वयाची पोरं यावर पैजा लावतात. 152 च्या पुस्तकात आडव्या वाऱ्याचा आकडा 12 नॉट आहे. 'दाखवून दिलेला' असा तो आकडा आहे. म्हणजे चाचणीच्या दिवशी कंपनीच्या मुरब्बी वैमानिकानं तेवढ्या वाऱ्यात उतरवून दाखवलं. तेरावा नॉट आला की विमान मोडतं असा त्याचा अर्थ नाही. पण बारापर्यंत तुलाही जमेल, असाही नाही.

मुलीला पायलट करायला घेतलंय. 200 तास पूर्ण व्हायचे आहेत. ऊन लख्ख पडलेलं असतं आणि 'वाऱ्यामुळे फ्लाइंग रद्द' असा मेसेज येतो. कधी कधी तर विमान बाहेरही काढत नाहीत. पैसे भरलेल्या पालकाने काय समजायचं?
*— एक वडील, विटा*

तुमची तगमग मी समजू शकतो. प्रत्येक संस्थेच्या प्रत्येक रद्द केलेल्या दिवसाचं वकीलपत्र मी घेत नाही. पण लख्ख ऊन हा पुरावा धरू नका. मे महिन्यातल्या अशाच एका लख्ख दुपारी मी माझ्या हातानं एक विमान मोडलंय. क्लबचं नाव सांगत नाही, दोष क्लबचा नव्हता.

साडेतीनची वेळ. डोक्यावर निळं आभाळ. पूर्वेला लांब एक ढग वर चढलेला, माथा ऐरणीसारखा पसरट झालेला. बाहेर दोन 152 बांधलेल्या होत्या, तोंडं पश्चिमेला, कारण दिवसभराचा वारा पश्चिमेचा. मला वाटलं, ढग अजून दहा-पंधरा किलोमीटर लांब आहे, तोवर दोन्ही हँगरमध्ये, म्हणजे विमानांच्या शेडमध्ये, ढकलून होतील. मदतीला एक पोरगा होता. पहिलीचे तिन्ही दोर सोडले आणि ढकलायला लागलो. हँगर जेमतेम शंभर पावलं.

निम्म्या वाटेवर वारा पडला. पूर्ण पडला. विंडसॉक, म्हणजे वारा दाखवणारी कापडी पिशवी, काठीला लोंबकळला. पोरगा म्हणाला, "बरं झालं." आणि मला मातीचा वास आला.

ज्याच्या घरी शेती आहे त्याला पुढचं सांगायला नको. वळवाच्या ढगातून पाऊस पडायला लागला की त्याबरोबर गार हवा दगडासारखी खाली येते, जमिनीवर आपटते आणि चहूबाजूंना पसरते. ही गार हवेची लाट पावसाच्या कितीतरी पुढे धावते, दहा-पंधरा किलोमीटरसुद्धा. म्हणजे माझ्या डोक्यावर ऊन होतं त्याच मिनिटाला ढगाचा हात माझ्यापर्यंत पोचला होता. आणि तो हात ढगाकडून येतो, दिवसाच्या वाऱ्याकडून नाही. सकाळपासूनचा वारा पश्चिमेचा, ढग पूर्वेला, म्हणजे झोत आला तो बरोबर विमानाच्या शेपटीवर.

विमानानं आधी शेपूट झटकलं आणि आपसूक वाऱ्याकडे वळायला लागलं. शेपटीवरची उभी फळी, रडर, म्हणजे वातकुक्कुटाचं शेपूटच, ते फिरवणारच. पोरगा स्ट्रटला लोंबकळला. मी ओरडलो, सोड! त्यानं सोडलं, गुडघे फुटले, पण वाचला. पंख उचलला गेला, विमान नाकावर आणि दुसऱ्या पंखाच्या टोकावर कलंडलं. सगळं मिळून अर्धं मिनिटही नसेल. प्रॉपेलर वाकला. प्रॉपेलर असा जमिनीला लागला की नुसता बदलून भागत नाही, इंजिन उतरवून, खोलून, आतला एकेक भाग तपासावा लागतो. ते विमान पुढे कित्येक महिने उडालं नाही. त्या महिन्यांत ज्या पोरांचे तास बुडाले, त्यांच्या वडिलांची पत्रं तुमच्या पत्रापेक्षा कडक होती.

आणि दुसरं विमान? बांधलेलं? जागचं हललं नाही. तोंड चुकीच्या दिशेला असूनही.

तेव्हापासून मी दोन गोष्टी कधी केल्या नाहीत. ढग जवळ असताना दोर सोडून 'पटकन आत घेऊ' म्हणालो नाही. आत न्यायचं तर सकाळीच, नाहीतर आहे तिथे आणखी एक दोर. आणि माणसाला विमान धरून ठेवायला कधी सांगितलं नाही. माणूस 60-70 किलोंचा. त्या हिशेबात तो येतच नाही.

अशा ढगाखालच्या झोतांचा छडा लावला तो तेत्सुया फुजिता या जपानी-अमेरिकन शास्त्रज्ञानं. 24 जून 1975 ला न्यूयॉर्कला उतरताना एक बोइंग 727 कोसळलं, 113 माणसं गेली. त्याचा माग काढताना चार किलोमीटरहून कमी विस्ताराच्या आणि काही मिनिटांत संपणाऱ्या झोतांची कल्पना त्यानं मांडली. इतकं लहान आणि इतकं अल्पायुषी काही आपल्या छोट्या पट्टीवर आधी कळेल, ही अपेक्षाच करू नका. म्हणून एप्रिल-मेमध्ये शहाणे लोक सकाळी सहा ते दहा उडतात आणि दुपारी वर्ग घेतात. तुमच्या मुलीला विचारा, रद्द झालेले तास दुपारचे आहेत का. दुपारचे असतील तर निश्चिंत राहा. जानेवारीच्या सकाळी 'वारा' म्हणत असतील, तर मात्र जाऊन विंडसॉक बघून या.

25 नोव्हेंबरला यशवंतराव चव्हाण साहेबांच्या समाधीला मंत्री येतात, हेलिकॉप्टरांची रीघ लागते. एकदा हेलिकॉप्टर उतरताना बाजूचं छोटं विमान जागच्या जागी डुलताना पाहिलं. वारा तर अजिबात नव्हता.
*— प्रीतिसंगमाचा रोजचा फिरणारा, कराड*

वारा होता, हेलिकॉप्टर तो सोबत घेऊन आलं होतं. पाच-सहा टनांचं यंत्र हवेत तरंगतं ते आपल्या वजनाइतक्या जोरानं हवा सतत खाली ढकलून. ती हवा जमिनीला लागून आडवी पसरते. वळवाचाच धाकटा भाऊ, पण हुकमी वेळेला येणारा. छोट्या विमानांनी घिरट्या घालणाऱ्या हेलिकॉप्टरपासून पंख्याच्या व्यासाच्या तिप्पट तरी लांब राहावं, असा ठोकताळा आहे. पंखा 14 मीटरचा असेल तर 42 मीटर. मी त्याच्या दुप्पट धरायचो, आणि लोक मला भित्रा म्हणायचे.

खरी धास्ती वेगळीच. हेलिपॅडवर धूळ बसावी म्हणून टँकरने पाणी मारतात, ते ठीक. पण बाजूला स्वागताच्या मांडवाचं कापड, सिमेंटची रिकामी पोती, प्लास्टिकच्या खुर्च्या. यातली एक गोष्ट उडून विमानाच्या एलेरॉनवर बसली तर वरवर काही दिसत नाही. बिजागरी मुडपलेली असते. म्हणून हेलिकॉप्टर येऊन गेलं की मी प्रत्येक विमानाचे सगळे हलणारे भाग हातानं हलवून बघायचो. दारंही. सेसनाचं दार पुढच्या बाजूला बिजागरी असलेलं. मागून झोत आला आणि दार अर्धवट उघडं असलं तर ते पुढे भिरकावलं जातं आणि मुरगळतं. जिल्ह्यात येणाऱ्या पाहुण्यांनी किती दारं मुरगळली याची मोजदाद मी ठेवली नाही.

आजोबा, आमची सहल विमानतळावर गेली होती. विमानाच्या आत लाल फीत लावलेला एक दांडा होता आणि मागच्या पंखाला लाल फळी. ते कशाला? आणि वावटळ विमान उचलू शकते का? आमच्या शेतात रोज येते.
*— इयत्ता आठवी, वाई*

शाब्बास, फीत बघितलीस. मोठ्यांपैकी एकानेही विचारलं नाही.

विमान उभं असताना वारा त्याच्या हलणाऱ्या फळ्या, म्हणजे एलेरॉन, रडर, एलिव्हेटर, दारासारख्या धाडधाड आपटतो. रात्रभर आपटल्या तर बिजागऱ्या ढिल्या होतात, आतल्या तारा सैल पडतात. तुझ्या वर्गाच्या खिडकीला हूक लावतेस ना, तसाच तो दांडा : योक घट्ट धरून ठेवतो. बाहेरची फळी रडर धरून ठेवते. आणि लाल फीत एवढ्यासाठी, की उडण्याआधी ते काढायला माणूस विसरू नये.

कारण माणूस विसरतो. 30 ऑक्टोबर 1935 ला अमेरिकेत बोइंगचं नवं चार इंजिनांचं विमान सैन्याला दाखवायला आणलं होतं. चालवणारे त्या वेळचे नावाजलेले वैमानिक. वाऱ्यासाठी लावलेलं कुलूप काढायचं राहिलं. विमान सुटलं, नाक वर करत चढलं, चढतच गेलं, आणि पडलं. दोघांचा जीव गेला. त्यानंतर वैमानिकांच्या हातात कागदाची यादी आली, एकेक काम वाचून करायची. आज तू बघितलंस तर प्रत्येक वैमानिक अशी यादी वाचतो, वीस वर्षं उडवत असला तरी. आमच्या 152 मध्ये दांडा अशा जागी बसतो की त्याच्या लाल पत्र्यामागे किल्लीचं भोक झाकलं जातं. दांडा काढल्याशिवाय किल्लीच लागत नाही. मला ही युक्ती त्या यादीपेक्षाही आवडते.

आता तुझी वावटळ. मार्च ते मेमध्ये नांगरलेलं रान तापतं, तापलेली हवा वर जाते आणि जाताना पाणी मोरीत फिरतं तशी फिरते. माझी आजी म्हणायची तिच्यात भूत असतं. भूत नसतं, पण धूळ असते म्हणून आपल्याला ती दिसते. डांबरी पट्टीवर आली की धूळ संपते आणि ती दिसेनाशी होते, फिरत मात्र राहते. अख्खं विमान उचलून नेईल अशी वावटळ मी पाहिली नाही. न बांधलेलं विमान गिरकी घेऊन शेजारच्यावर आदळलेलं पाहिलंय. तिला एक दिशा नसते ना! एका पंखाला समोरून, दुसऱ्याला मागून, एकाच वेळी. त्यामुळे तोंड कुठे करून उभं करायचं हा प्रश्नच उरत नाही, दोरच लागतो. तुझ्या शेतात आली की एक कर : ती बांधाला अडते की ओलांडते, सावलीत शिरली की मरते का, वहीत लिहून ठेव. महिनाभरानं मला कळव.

विंडसॉक फाटला आणि नवा यायला आठ दिवस लागणार असतील तर वारा कशावरून ओळखता?
*— मलकापूर*

आधी तो काय सांगतो ते बघा. चांगला विंडसॉक साधारण 15 नॉटला पूर्ण आडवा होतो. पाच पट्टे असतात. ढोबळमानानं एक पट्टा ताठ म्हणजे तीन नॉट. त्याच्या पुढे मात्र तो मुका : 15 असो की 35, तसाच ताठ. म्हणून तो ताठ झाला की मी त्याच्याकडे बघणं सोडून आगाशिवाच्या डोंगराकडे, नदीकाठच्या झाडांकडे बघायचो.

आणि फाटलाच असेल, तर हंगामात गुऱ्हाळाचा धूर. धूर सरळ वर गेला तर खुशाल विमान बाहेर काढा. आडवा लोळत असेल तर चहा घ्या. वर थोडं चढून मग एकदम मोडल्यासारखा वळत असेल, तर खालचा वारा वेगळा आणि वरचा वेगळा. त्या दिवशी शिकाऊ पोराला एकटं सोडू नका. उसाला तुरे आले असतील तर तेही चालतात, त्यांच्यावरून झोताची लाट रानातून येताना दिसते, तुमच्यापर्यंत पोचायच्या आधी दहा-बारा सेकंद. त्या दिवशी त्या हँगरसमोर ऊस नव्हता, नुसतं नांगरलेलं रान होतं.

गुऱ्हाळ बंद, ऊस तुटलेला आणि दिवस मेचे असतील, तर एका उंच काठीला जुना टॉवेल बांधा. मी दोन आठवडे टॉवेलवर काढलेत. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, वाळत घातलाय.